खुर्च्या मांडणाऱ्या बाईंना विचारा

प्रश्न : आमच्या संस्थेतर्फे वस्तीतल्या कार्यकर्त्यांसाठी मी नेतृत्व विकास कार्यक्रम चालवते. बारा सत्रं, पंधरा दिवसांतून एक. सुरुवातीला बत्तीस जणांनी नावं दिली होती. सहाव्या सत्राला समोर अकरा जण होते. विषय चांगले आहेत : संवादकौशल्य, संघबांधणी, वेळेचं नियोजन, वाद हाताळणं. वक्ते अनुभवी आहेत. स्लाइड मी रात्री जागून करते. तरी लोक मख्ख चेहऱ्यानं ऐकतात आणि 'काही शंका?' म्हटलं की खाली बघतात. ग्रुपवर 'पुढच्या शनिवारी कोण मदत करेल?' असं टाकलं की दहा अंगठे येतात, माणूस एकही येत नाही. शेवटी सगळं मीच करते. एक बाई तेवढ्या दर वेळी अर्धा तास आधी येऊन खुर्च्या मांडतात, पण त्या वर्गात एक अक्षर बोलत नाहीत. कार्यक्रम रंजक व्हावा म्हणून खेळ वाढवू का? प्रमाणपत्रासाठी ऐंशी टक्के हजेरीची अट घालू? की हल्ली लोकांना पुढं यायचंच नसतं, हे मान्य करून टाकू?
— दमलेली समन्वयक

ताई,

दमणारच तुम्ही. विषय तुम्ही ठरवलेत, वक्ते तुम्ही बोलावलेत, स्लाइड तुम्ही केल्यात, निरोप तुम्ही धाडता, हजेरीही तुम्हीच घेता. बत्तीस जणांना नेतृत्व शिकवायचा कार्यक्रम आहे आणि त्यात नेतृत्वाचा सराव होतोय तो एकट्या तुमचा. (त्यात तुम्ही चांगल्या तयार झाल्या असणार, याबद्दल मला शंका नाही.)

मला सांगा, मागच्या सत्राला त्या अकरांतले आणखी चार जण आले नसते, तर काय अडलं असतं? वक्ता बोललाच असता. स्लाइड सरकल्याच असत्या. चहा थोडा जास्त उरला असता. आपल्यावाचून काही अडत नाही, हे माणसाला फार लवकर कळतं, दुसऱ्या-तिसऱ्या सत्रातच. मग मुलाची परीक्षा, जादा पाळी, पाहुणे, काहीही कारण पुरतं, कारण त्या प्रत्येक ठिकाणी त्याच्यावाचून अडत असतं. लोक कंटाळून गळाले असं तुम्हाला वाटतंय, म्हणून खेळांचा विचार डोक्यात आला. पण अत्यंत कंटाळवाण्या बैठकांना वर्षानुवर्षं इमानेइतबारे जाणारी माणसं मी पाहिली आहेत. हिशेबाची वही त्यांच्या पिशवीत असायची, म्हणून ती जायची.

आता त्या दहा अंगठ्यांकडे येऊ. त्याचा दोष 'हल्लीच्या लोकांना' देऊ नका, ही गोष्ट जुनीच आहे. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी माइकवरून एकमेकांशी बोलत होते आणि बोलता बोलता त्यांतल्या एकाला फिट आल्यासारखं ऐकू आलं. आवाज अर्थात आधी मुद्रित केलेला होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतल्या ८५ टक्के जणांनी झटका चालू असतानाच उठून खबर दिली. आपल्याशिवाय आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात हेच प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. ही माणसं निर्दय नव्हती. दुसरं कुणीतरी उठलं असेल, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं. एखाद्याचा जीव जातोय असं वाटत असताना ही गत, तर तुमच्या शनिवारच्या खुर्च्यांसाठी कोण उठणार? 'कोण मदत करेल?' हा प्रश्न सगळ्यांना विचारलेला असतो, म्हणजेच तो कुणालाच विचारलेला नसतो.

त्याहून जुना एक प्रयोग दोरी ओढण्याचा आहे. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याचे निष्कर्ष १९१३ साली छापले गेले. आठ जणांनी मिळून दोरी ओढली, तेव्हा एकेकट्यानं लावलेल्या जोराच्या निम्म्याच्या आसपास जोर माणशी भरला. थोडा फरक ताल न जुळण्याचा होता. पण पुढच्या संशोधकांनी ताल बाजूला काढून पाहिला, तरी उरलेला कमीपणा शिल्लकच राहिला. आपला वाटा वेगळा दिसणार नसेल तर हात आपोआप ढिला पडतो. तुमच्या 'गटचर्चे'त आठ जण एका कागदाभोवती बसतात आणि लिहितो एकच. तीच दोरी.

तेव्हा ग्रुपवर विचारणं बंद करा आणि एकेका माणसाकडे जा. काम नेमकं सांगा, वेळ सांगा, आणि याच माणसाला का विचारताय तेही सांगा. हे शेवटचं बहुतेक जण गाळतात. असं काहीसं : 'शनिवारी साडेचारला दार उघडून नव्या लोकांची नावं लिहून घ्यायची आहेत. तुम्हाला एकदा भेटलेल्या माणसाचं नाव लक्षात राहतं, मला राहत नाही. तुम्ही कराल?' एवढं बोलून गप्प बसा. 'जमलं तर', 'काही हरकत नसेल तर', 'नाहीतर मी करतेच' ही शेपटं लावायची नाहीत. तुमच्या पत्राच्या सुरावरून सांगते, तिसरं शेपूट तुम्ही हमखास लावत असणार. त्या गप्प बसण्याच्या चार-पाच सेकंदांत समोरची व्यक्ती खरंच विचार करत असते. तिला तो करू द्या. नाही म्हणाली तर 'मग काय आवडेल?' असं विचारा.

आता कौशल्यांचं. तुमच्या विषयांची यादी वाचून मला काय वाटलं, ते स्पष्टच लिहिते : ही यादी लोकांना विचारून केलेली दिसत नाही. 'संघबांधणी शिकायची आहे' असं वस्तीतल्या कुठल्याही माणसानं आपण होऊन म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. 'अर्ज दिला तर साहेब उद्या या म्हणतो, त्याला काय बोलायचं?' असं मात्र लोक विचारतात. 'मीटिंगमध्ये तेच दोघे बोलतात, त्यांना कसं थांबवायचं?' असंही विचारतात.

या बाबतीत मला अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या जॉन्स आयलंड या बेटावरचा एक वर्ग नेहमी आठवतो. वर्ष १९५७. कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नाव नोंदवायचं, तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. अनेकांना अक्षरओळखच नव्हती, म्हणजे वाट आपसूक बंद. सेप्टिमा क्लार्क आणि इसॉ जेनकिन्स यांनी प्रौढांचा वर्ग काढायचा ठरवलं आणि शिकवायला मुद्दामच शिक्षक घेतला नाही. त्यांनी बर्निस रॉबिन्सन यांना गळ घातली. या बाई केशकर्तन आणि शिवणकाम करायच्या, शिकवण्याचा अनुभव शून्य. वर्ग एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत भरायचा, बाहेरून कुणाला संशय येऊ नये म्हणून. रॉबिन्सनबाई पहिल्या दिवशी लहान मुलांची पुस्तकं घेऊन गेल्या. ती या मोठ्या माणसांच्या कामाची नाहीत, हे तिथंच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि तुम्हाला काय शिकायचंय, असं विचारलं. कुणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कुणाला घरी आलेली पत्रं वाचायची होती, कुणाला टपालानं वस्तू मागवायचा फॉर्म भरायचा होता. तोच अभ्यासक्रम झाला. अंगठा उठवणारी माणसं मतदार यादीत गेली. असे वर्ग पुढं दक्षिणेतल्या राज्याराज्यांत निघाले आणि काल शिकलेले आज शिकवायला उभे राहिले. नागरी हक्कांच्या चळवळीला गावोगावचे कार्यकर्ते मिळाले, त्यांत या वर्गांचा वाटा मोठा आहे.

ध्यानात घ्या, त्या वर्गाचं नाव 'नेतृत्व विकास' असं काही नव्हतं.

तुमची सहा सत्रं उरली आहेत. पुढच्या सत्राचा वक्ता रद्द करा. (त्यांना वाईट वाटेल. अनुभवी वक्त्यांना वाईट वाटायचीही सवय असते.) त्या वेळात अकरा जणांना वस्तीतलं असं एक काम निवडू द्या, जे तीन महिन्यांत तडीस जाईल आणि झालं की नाही हे डोळ्यांना दिसेल. 'जनजागृती' नको, ती झाली की नाही कुणालाच कळत नाही. कोपऱ्यावरचा बंद दिवा चालतो. तीन महिन्यांच्या दिव्यात काय काय येतं बघा : किती दिवे बंद आहेत ते मोजणं, शेजाऱ्यांच्या सह्या, अर्ज, पोच घेणं, पाठपुरावा, अधिकाऱ्याशी बोलणं, आपल्यातल्याच तडतड्या माणसाला आवरणं, आणि दिवा लागला की सह्या करणाऱ्यांना जाऊन सांगणं. तुमचे बाराही विषय त्यात आले, स्लाइडशिवाय. शिवाय काम कुठं अडलं ते दिसतं आणि जिथं अडलं तिथलं शिकवायला लोक स्वतः सांगतात. तेव्हा वक्ता बोलवा. तेव्हा ते कान टवकारून ऐकतील.

बैठक चालवणं हे कौशल्य मात्र मी वेगळं काढून शिकवीन, कारण इतर सगळी कामं तिथंच मार्गी लागतात किंवा बुडतात. टोस्टमास्टर्स ही भाषणकलेची संस्था १९२४ पासून एक साधी युक्ती वापरत आली आहे : प्रत्येक बैठकीत कामं वाटलेली असतात आणि ती फिरत राहतात. एक जण सूत्रं सांभाळतो, एक वेळ मोजतो, एक जण बोलणाऱ्याला तो कुठं चांगला बोलला आणि काय सुधारायला हवं ते सांगतो. ज्याला भाषणाची धास्ती आहे, तोही घड्याळ हातात घेऊन सुरुवात करू शकतो. तुमच्याकडे असंच करा. पंचवीस मिनिटांची बैठक, तीन विषय. एकानं सूत्रं घ्यायची, एकानं वेळ सांगायची, एकानं इतिवृत्त लिहायचं. आणि एकानं फक्त कोण किती वेळा बोललं त्याच्या रेघा मारायच्या. हा रेघांचा कागद शेवटी मोठ्यानं वाचला की काय होतं ते पाहण्यासारखं असतं. एका ठिकाणी एका गृहस्थांच्या नावापुढं एकोणीस रेघा निघाल्या, आणि चौघींपुढं एकही नाही. कुणी त्यांना काही म्हटलं नाही. पुढच्या बैठकीत तोंड उघडलं की ते आधी त्या रेघा मारणाऱ्या मुलीकडे बघायचे.

इतिवृत्ताचं एक. 'सविस्तर चर्चा झाली' हे वाक्य लिहायला बंदी घाला. काय ठरलं, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत, एवढं तिथल्या तिथं लिहायचं आणि उठण्याआधी वाचून दाखवायचं. आपलं नाव सगळ्यांसमोर वाचलं गेलं की अंगठा दाखवून सुटता येत नाही.

आणि बैठक उरकली की दहा मिनिटं सूत्रं सांभाळणाऱ्याजवळ बसा. आधी त्यालाच बोलू द्या : काय करायचं ठरवलं होतंस, काय झालं, पुढच्या वेळी काय वेगळं करशील? मग तुम्ही एकच सुधारणा सांगा. एकच. पाच सांगितल्या तर तो पुढच्या वेळी सूत्रं घेणार नाही. हे त्याच दिवशी व्हायला हवं, दोन दिवसांनी फक्त 'बरं झालं की' एवढंच आठवतं.

माझंच सांगते. बाविशीत मी एका छोट्या संस्थेत जायला लागले. सहा महिने माझं काम म्हणजे सतरंज्या घालणं, उचलणं आणि ठरावाला हात वर करणं. एके दिवशी तिथल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या बाईंनी सभागृहाच्या चाव्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला आणि 'गुरुवारची बैठक तू घे, मी नाहीये' म्हणाल्या. गुरुवारी मी आधी पोचले आणि कुलूपच उघडेना. तीन चाव्या सारख्याच दिसत होत्या. मागं आठ-नऊ माणसं उभी, त्यांतले एक आजोबा हातातली छत्री जमिनीवर टेकत 'आणि ही घेणार बैठक' म्हणाले, मला ऐकू जाईल इतपत. शेवटी दार उघडलं. बैठक वाईटच झाली : दोन विषय राहिले, एक भांडण झालं, मी इतिवृत्त लिहायचंच विसरले. रात्री मी जुडगा परत द्यायला गेले. बाईंनी तो घेतला नाही. त्यांनी खणातून लाल दोऱ्याचा तुकडा काढला, बरोबर चावी कुठली ते मला विचारलं आणि तिला तो बांधून दिला. मग म्हणाल्या, 'पुढच्या गुरुवारी पण मी नाहीये.' त्या त्या दोन्ही गुरुवारी घरीच होत्या, हे मला वर्षभरानं कळलं.

तुम्हाला हे जड जाईल. तुम्ही जे सुबक करता ते दुसरं कुणीतरी तुमच्या डोळ्यांदेखत ओबडधोबड करील, आणि 'राहू दे, मी करते' हे वाक्य जिभेवर येईल. ते एकदा जरी निसटलं, तर सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात, कारण समोरचा लगेच ओळखतो की काम आपलं नव्हतंच, आपल्याकडे नुसतं ठेवायला दिलं होतं.

मात्र काम सोपवणं निराळं आणि अंगावर टाकून निघून जाणं निराळं. आमच्या बाई घरी होत्या, म्हणजे मी धावत गेले असते तर सापडल्या असत्या. पहिल्यांदा अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या माणसाबरोबर तुम्ही जा, पण बोलू नका. आदल्या दिवशी त्याच्यासमोर अधिकारी होऊन बसा आणि तुसडेपणानं वागा. सराव घरचा असावा, काम बाहेरचं.

आणखी एक गोष्ट, थोडी अवघड. तुमच्या संस्थेला हे खरोखर चालणार आहे का? शेरी आर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानायलाच तयार नाहीत. मधल्या तीन त्यांच्या मते देखाव्याच्या आहेत : लोकांना माहिती देणं, त्यांचं मत विचारणं आणि एक-दोन जागा देऊन त्यांची समजूत काढणं. खरा अधिकार वरच्या तीन पायऱ्यांवर सुरू होतो, जिथं लोकांचा 'नाही' चालतो. तुमच्या अकरा जणांनी निवडलेलं काम कार्यकारिणीला पसंत पडलं नाही तर काय होईल, हे आधीच विचारून घ्या. आणि उत्तर 'अंतिम निर्णय आमचाच' असं असेल, तर लोकांना तसं आधीच सांगून टाका. मर्यादित अधिकार लोक समजून घेतात. नुसतं 'मम' म्हणायला बोलावलं होतं हे मागाहून कळलं, तर तुमच्या पुढच्या बोलावण्याला ते येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

प्रमाणपत्राची अट घालू नका. ऐंशी टक्के हजेरी तुम्हाला मिळेल, बाकी काही मिळणार नाही. द्यायचंच असेल तर त्यावर माणसानं काय केलं ते लिहा : 'चार बैठकांची सूत्रं सांभाळली, सदतीस सह्या गोळा केल्या.' असा कागद लोक जपून ठेवतात.

गळालेल्या एकवीस जणांपैकी पाच-सहांना भेटा. परत बोलावायला नको, 'का सोडलंत?' असंही नको, त्यावर सगळे 'वेळ नव्हता' म्हणतात. नाव दिलंत तेव्हा काय मनात होतं, ते विचारा. वेळेची, लहान मुलांची, परतीच्या अंधाराची अडचण असेल तर तीही त्या ओघात कळेल, आणि ती सोडवणं सहसा स्लाइड करण्यापेक्षा सोपं असतं.

खेळांचं विसरलेच. खेळा की. पण पाच मिनिटं.

आता त्या खुर्च्या मांडणाऱ्या बाई. तुमच्या एवढ्या पत्रात न सांगता काम करणारी एकच व्यक्ती आहे आणि तिच्यासाठी तुम्ही एक वाक्य खर्च केलंत, तेही 'पण'ला जोडून. त्या बोलत नाहीत, हे खरं. पण सभेत बोलणं हा पुढारपणाचा एकच प्रकार झाला, आणि माझ्या अनुभवात तो सगळ्यात सहज सापडणारा. कुणाला कुठं बसवायचं, किती जण येतील, हे त्यांना तुमच्या आधी कळत असणार. त्या अर्धा तास आधी का येतात, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? पुढच्या वेळी तुम्हीही तेवढ्याच लवकर जा. खुर्च्यांचं दुसरं टोक धरा आणि विचारा. वही काढू नका. मग ओळी लावून झाल्या की पुढच्या बैठकीत कोण काय करणार याचा कागद त्यांच्यापुढं ठेवा आणि पहिलं नाव त्यांना घालू द्या, स्वतःचं किंवा दुसऱ्या कुणाचं.

त्या काय म्हणाल्या ते मला कळवा.